बोत्स्वानात शिकायला जाताना: यजमान कुटुंबाच्या घरी कसे राहावे

बोत्स्वाना विद्यापीठात एखाद्या सत्रासाठी येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यापुढे राहण्याचे साधारणतः तीन मार्ग असतात: विद्यापीठाचे वसतिगृह, चार-पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेले घर, किंवा एखाद्या स्थानिक कुटुंबाच्या घरातली खोली. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त असतोच असे नाही आणि सर्वांत सोयीचा तर मुळीच नसतो. तरीही समाजशास्त्र, भाषा, शेती किंवा सार्वजनिक आरोग्य शिकायला येणाऱ्याने तोच निवडावा, असे माझे मत आहे. राजधानी गॅबोरोनला लागून, नोत्वाने नदीच्या पलीकडे असलेल्या ट्लोक्वेंग या गावात मी एका कुटुंबात एक पूर्ण सत्र राहिले. पुढचे विवेचन त्या अनुभवातून आलेले असून ते बोत्स्वानापुरते आहे. दक्षिण आफ्रिका, लेसोथो किंवा नामिबियात त्यातले बरेचसे लागू पडेल, पण सगळेच पडेल असे गृहीत धरू नये.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुण्यात शिकलेल्या आपल्या मुलामुलींना 'पेइंग गेस्ट' ही व्यवस्था ठाऊक असते आणि यजमान कुटुंब म्हणजे त्याचीच परदेशी आवृत्ती, असे ते धरून चालतात. पैसे दोन्हीकडे द्यावे लागतात एवढेच साम्य आहे. पेइंग गेस्टने खोलीत शिरून दार लावून घेतले की घरमालकिणीला हायसे वाटते. त्स्वाना, म्हणजे बोत्स्वानातल्या बहुसंख्य समाजाच्या, घरात मात्र तुम्ही दार लावून बसलात की तुम्ही आजारी आहात, रुसला आहात किंवा घरात तुम्हाला काही खटकले आहे, असा अर्थ घेतला जातो. तेथे तुम्ही पाहुणे फार तर आठवडाभर असता. त्यानंतर तुम्ही त्या घरातले एक मूल होता, वयानुसार तुमची जागा ठरते आणि जागेनुसार कामे येतात. मी ज्या तक्रारी ऐकल्या, त्यांतल्या बहुतेक विद्यार्थी पाहुणा राहू पाहतो आणि कुटुंब त्याला मूल मानू पाहते, या ओढाताणीतून आलेल्या होत्या.

निघण्यापूर्वी

विद्यापीठाचे पहिले सत्र ऑगस्टमध्ये आणि दुसरे जानेवारीत सुरू होते. आफ्रिका म्हणजे उष्ण, असे मनात धरून ऑगस्टमध्ये केवळ सुती कपड्यांनिशी उतरणारा विद्यार्थी पहिल्याच रात्री पस्तावतो. दक्षिण गोलार्धात जून-जुलै हा ऐन हिवाळा. कालाहारीच्या काठावरचा हा प्रदेश कोरडा असल्याने दिवसा ऊन चटकते आणि रात्री पारा शून्याच्या आसपासही जाऊ शकतो. घरांना पत्र्याचे छप्पर असते आणि ती उबदार ठेवण्याची कसलीही सोय नसते. ऑगस्टमध्ये धुळीचे वारे वाहतात, सप्टेंबर अखेरपासून उन्हाळा तापतो आणि पाऊस, आला तर, नोव्हेंबरच्या सुमारास येतो. तेव्हा एक जाड स्वेटर, पायमोजे आणि ओठांना लावायचे मलम सामानात असू द्यावे.

विजेच्या प्लगबाबत एक सुखद आश्चर्य आहे. दक्षिण आफ्रिकेत आणि बोत्स्वानातही प्रचलित असलेला मोठ्या गोल पिनांचा प्लग म्हणजे आपल्याकडे फ्रिज-गीझरला लागणारा पंधरा अँपिअरचा पॉवर प्लगच होय. बोत्स्वानात त्याच्या जोडीला ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी पिनांचे बोर्डही आढळतात. त्यामुळे मोबाइलच्या चार्जरसाठी दोन्ही प्रकारचे अडॅप्टर जवळ ठेवणे सोयीचे ठरते.

मुंबईहून जाणारा प्रवास पुष्कळदा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे होतो. इथिओपिया आणि केनिया हे पीतज्वराच्या यादीतले देश असल्याने तेथे थांबा असेल तर लसीचे प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. ही लस शासनमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. हिवतापाची भीती गॅबोरोनच्या परिसरात नाही, परंतु पावसाळ्यात माउन, कासाने अशा उत्तरेकडच्या भागात सहलीला जायचे असेल तर डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

यजमानांसाठी काय न्यावे, हा प्रश्न सर्वांनाच पडतो. मूर्ती, शोभेच्या वस्तू, 'इंडिया' लिहिलेले टी-शर्ट यांचा मोह टाळावा. मी सोलापूरची असल्याने न विचार करता एक सोलापुरी चादर नेली आणि तो निर्णय नकळत अचूक ठरला. त्स्वाना स्त्रियांच्या जीवनात पांघरण्याच्या वस्त्राला मोठे स्थान आहे: लग्नकार्यात विवाहित स्त्रिया मोखाखोल्वाने नावाची चौकटीची घोंगडी खांद्यावर घेतात, आणि अंत्यविधीला शाल किंवा लहान घोंगडी पांघरल्याशिवाय जात नाहीत. घरातल्या आजीला चादर किंवा शाल द्यावी, मुलांना चिक्कीसारखा कोरडा, बंद पाकिटातला खाऊ द्यावा आणि चहाची पूड सर्वांसाठी ठेवावी. दुधासाखरेचा चहा तेथे घरोघरी आवडीने पितात. मात्र मोखाखोल्वाने हे विवाहितेचे चिन्ह आहे, हे लक्षात ठेवून अविवाहित मुलींनी हौस म्हणून ते पांघरून छायाचित्रे काढू नयेत.

आधी 'दुमेला', मग बाकी सर्व

सेत्स्वाना भाषा चार महिन्यांत येणार नाही, पण अभिवादन पहिल्या दिवशी आलेच पाहिजे. स्त्रीला 'दुमेला म्मा' आणि पुरुषाला 'दुमेला र्रा' म्हणावे. अनेकांना एकत्र अभिवादन करायचे झाल्यास 'दुमेलांग' म्हणतात. घरातून बाहेर पडताना समोर आलेल्या शेजाऱ्याला, दुकानात पैसे घेणाऱ्या मुलीला, रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाला, सर्वांना आधी हे म्हणायचे आणि मग कामाचे बोलायचे. आपल्याकडे दुकानदाराला 'अर्धा किलो साखर द्या' असे थेट सांगणे उद्धटपणाचे नसते, तेथे असते. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'हो' किंवा 'नाही' असे नुसते उत्तर देऊ नये, 'ए म्मा', 'न्याआ र्रा' असे संबोधन जोडावे. आदरार्थी अनेकवचन सेत्स्वानातही आहे: मित्राला 'ओ काए?' म्हणजे 'कसा आहेस?', तर वडीलधाऱ्याला 'ले काए?' असे विचारायचे. आपल्या 'तू' आणि 'तुम्ही'सारखाच हा भेद असल्याने मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

उच्चारांच्या बाबतीत आपण युरोपीय विद्यार्थ्यांपेक्षा फार पुढे असतो आणि त्याचा फायदा निःसंकोच घ्यावा. सेत्स्वानात प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे वेगवेगळे ध्वनी आहेत आणि ते बदलले की शब्द बदलतो. 'पुला' म्हणजे पाऊस आणि देशाचे चलनही. 'फाने' म्हणजे मोपाने झाडावरच्या खाद्य अळ्या. इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ इथे वारंवार घसरते, आपली घसरत नाही. 'मेत्सी' म्हणजे पाणी, त्यातला जोडध्वनी आपल्या 'चोर'मधल्या च च्या अगदी जवळचा आहे. एक गोष्ट मात्र शिकावी लागते: रोमन लिपीत जी म्हणून लिहिलेले अक्षर घशातून घासून काढलेल्या ख सारखे उच्चारतात, म्हणून स्थानिक लोक राजधानीला 'खाबोरोने' म्हणतात आणि 'के आ लेबोखा' म्हणजे धन्यवाद.

वस्तू देताना आणि घेताना दोन्ही हात पुढे करावेत, किंवा उजवा हात पुढे करून डाव्या हाताने उजव्या कोपराजवळ हलका स्पर्श करावा. प्रसाद घेताना आपण जे करतो त्याच्या हे इतके जवळचे आहे की दोन दिवसांत अंगवळणी पडते. दुसऱ्याच्या फाटकाशी आल्यावर 'को को!' अशी हाक देऊन थांबावे, आतून उत्तर आल्यावरच आवारात पाऊल टाकावे. वडीलधारी व्यक्ती बसलेली असताना तिच्यासमोर उभे राहून बोलू नये. आधी बसावे, मग बोलावे. हा नियम मला कोणी सांगितला नाही. घरातला दहा वर्षांचा मुलगा दर वेळी माझ्यासाठी खुर्ची ओढून आणत असे, त्याचा अर्थ कळायला मला तीन आठवडे लागले.

भारतीय माणसाला सेत्स्वानात 'लेकुला' म्हणतात आणि हा शब्द 'कुली'वरून आलेला आहे. रस्त्यावरची मुले तो बहुधा सहजपणे उच्चारतात, त्यात हेतू नसतो. खटकल्यास 'मला माझ्या नावाने हाक मारा' एवढे हसून सांगणे पुरेसे होते. त्याहून अवघड काम आपल्याच बाजूला आहे. वर्णाबद्दल जे शब्द आपण मराठीत बेफिकिरीने वापरतो ते घरच्यांशी फोनवर बोलतानाही वापरू नयेत, कारण शब्द कळले नाहीत तरी सूर कळतो, आणि यजमानांच्या देखत त्यांच्याविषयी न समजणाऱ्या भाषेत बोलणे हा कोणत्याही देशात अपमानच आहे.

नाती, नावे आणि कामाचा वाटा

घरातल्या आईला नावाने हाक मारत नाहीत. पहिल्या अपत्याच्या नावापुढे 'म्मा' लावून तिला ओळखतात, वडिलांच्या बाबतीत 'र्रा' लावतात. म्हणजे थाबोची आई ती म्माथाबो. आजीला 'न्कुकु' म्हणतात. नात्यांची जी गुंफण इंग्रजी 'अंकल'मध्ये हरवून जाते ती सेत्स्वानात शाबूत आहे: आईचा भाऊ तो 'मालोमे' आणि वडिलांची बहीण ती 'राक्खादी'. मामा आणि आत्या हे भेद ज्याच्या भाषेत आहेत त्याला लगेच लक्षात येईल की मालोमे अधूनमधून येऊन चहा पिऊन जाणारा गृहस्थ नव्हे. भाचरांची लग्ने ठरवताना, 'बोखादी' म्हणजे वधूसाठी द्यायच्या गुरांची बोलणी करताना आणि घरातले तंटे मिटवताना त्याच्या शब्दाला वजन असते. तो आला की पुस्तक मिटून बाहेर यावे, अभिवादन करावे आणि चहा आपण होऊन ठेवावा.

लवकरच कोणीतरी 'ओ बिना एंग?' असे विचारील. शब्दशः अर्थ 'तू काय नाचतोस?' असा होतो, पण विचारायचे असते ते तुमचे 'सेरेतो', म्हणजे कुळाचा प्राणी. बाक्वेना लोकांचा मगर, बाक्खात्ला लोकांचा माकड, बांग्वातो लोकांचा फुती नावाचे छोटे हरीण, आणि माझ्या यजमानांच्या, म्हणजे बाट्लोक्वा लोकांचा थाकादू, वारुळे उकरणारा आर्डवार्क. परदेशी विद्यार्थी या प्रश्नाला 'आमच्यात असे काही नसते' असे उत्तर देतात आणि संभाषण तेथेच संपते. मराठी विद्यार्थ्याला तसे करण्याचे कारण नाही. आपल्याकडे लग्नात देवक बसवतात, कोणाचे पंचपल्लव, कोणाचे मोराचे पीस, कोणाचे आणखी काही. घरी फोन करून आपले देवक विचारून घ्यावे आणि सांगावे. मी सांगितले त्या संध्याकाळी न्कुकुने मला प्रथमच पाहुणी न मानता प्रश्न विचारले. अनेक घरांत विद्यार्थ्याला सेत्स्वाना नावही देतात, बहुधा मुलीला 'लोरातो' म्हणजे प्रेम, किंवा कोणालाही चालणारे 'म्फो' म्हणजे देणगी असे एखादे. ते स्वीकारावे आणि त्या नावाने हाक आली की ओ द्यावी.

आता कामाविषयी. ज्या मराठी घरांत धुण्याभांड्याला बाई येते किंवा सर्व काही आई करते, तेथून आलेल्या मुलांची, आणि मुलग्यांची विशेषतः, इथे खरी परीक्षा होते. जेवून ताट तेथेच ठेवून उठणे ही त्या घराच्या दृष्टीने साधी चूक नव्हे. ते काम कोणाला तरी आपल्यापेक्षा खालचे समजून त्याच्यावर टाकणे आहे. पहिल्या आठवड्यात सर्वजण 'असू दे, असू दे' म्हणतील. ते शब्द सौजन्याचे असतात, परवानगीचे नव्हेत. आपले ताट, आपला पेला आणि होता होईल तो सर्वांची भांडी धुवावीत, आपले कपडे आपण धुवावेत, अंतर्वस्त्रे तर कधीही दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत आणि पुढच्या आवारात वाळत घालू नयेत. सकाळी लवकर उठून आवार झाडणे हे घरातल्या तरुण मुलींचे काम मानले जाते. जुन्या पद्धतीच्या घरांपुढे 'लोल्वापा' म्हणजे बुटक्या भिंतीने वेढलेले अंगण असते, ते माती आणि शेणाने सारवतात आणि बोटांनी त्यावर 'लेक्खाफो' नावाची नक्षी उमटवतात. शेणात हात घालायला मी कचरले नाही, याचे माझ्या यजमानीणबाईंना इतके आश्चर्य वाटले की त्यांनी शेजारणींना बोलावून दाखवले. सोलापूर जिल्ह्यातल्या आजोळी मी तेच करत मोठी झाले होते.

मुलांना वेगळा आणि मुलींना वेगळा नियम, हा अन्याय तेथेही आहे. मुलीने अंधार पडायच्या आत घरी यावे, मुलगा उशिरा आला तरी चालेल. मुलीने स्वयंपाकात हात लावावा, मुलाने बाहेरची कामे करावीत. यावर वाद घालण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण दुसऱ्याच आठवड्यात नको. मुलग्यांनी भांडी घासून दाखवणे हा अधिक परिणामकारक युक्तिवाद ठरतो, असे मी पाहिले आहे.

ताटात काय येईल

बोत्स्वानाच्या जेवणाचा आधार ज्वारी आहे, हे कळल्यावर सोलापूर, बीड, धाराशिवच्या माणसाला निम्मे घर सापडल्यासारखे वाटेल. ज्वारीला 'माबेले' म्हणतात आणि तिच्या पिठाच्या घट्ट शिजवलेल्या गोळ्याला 'बोखोबे'. भाकरी मात्र कोणी थापत नाही. पीठ आंबवून केलेला आंबूस प्रकार म्हणजे 'तिंग', ज्याची चव आपल्या आंबिलीची आठवण करून देते. सकाळी हेच पातळ करून साखर घालून खातात. लेरोत्से नावाच्या कलिंगडासारख्या फळात शिजवलेले बोखोबे मिळाले तर ते सोडू नये. ज्याच्याबरोबर बोखोबे खायचे त्याला 'सेशाबो' म्हणतात, अर्थात कालवण. हल्ली शहरी घरांत ज्वारीची जागा पुष्कळदा मक्याचे पांढरे पीठ घेते आणि वडीलधारी मंडळी त्यावर कुरकुरतात, जशी आपल्याकडे चपातीमुळे भाकरी मागे पडल्यावर कुरकुरत होती.

शाकाहाऱ्याची अडचण खरी आहे, पण असाध्य नाही. 'खा के जे नामा' म्हणजे मी मांस खात नाही, एवढे वाक्य पाठ करावे आणि त्यासोबत कोंबडी व मासेही खात नाही हे स्वतंत्रपणे सांगावे, कारण 'नामा' म्हटल्यावर बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे गोमांसच येते. चवळीला 'दिनावा' म्हणतात. चवळीचा पालाही 'मोरोखो' म्हणून भाजी करून खातात आणि त्यात कधी शेंगदाण्याचा कूट घालतात, तेव्हा तर तो आपल्याच स्वयंपाकघरातून आल्यासारखा लागतो. मक्याचे दाणे आणि चवळी एकत्र शिजवून केलेले 'दिक्खोबे' पोटभरीचे असते. 'मादिला' म्हणजे घट्ट आंबट दूध, दह्याचे जवळचे नातेवाईक. मात्र मोरोखो मांसाच्या रश्शात शिजवलेला नाही ना, हे विचारून घ्यावे. बाजारात सकाळी मिळणारे तळलेले 'माख्विन्या' मैद्याचे असतात, आणि त्यांच्याबरोबर कैरीचे 'अचार' मिळते. दक्षिण आफ्रिकेत मजूर म्हणून नेलेल्या भारतीयांबरोबर गेलेला हा पदार्थ आता त्या साऱ्या प्रदेशाचा झाला आहे.

जे कोंबडी-मटण खातात पण गोमांस खात नाहीत, त्यांना अधिक सांभाळून बोलावे लागते. लग्न, अंत्यविधी, राष्ट्रीय सण या सर्व प्रसंगी 'सेस्वा' असतेच: गोमांस केवळ मिठात तासन्‌तास उकळून, मग लाकडी दांड्याने कुटून केलेला पदार्थ, तोही पुरुष तीन पायांच्या बिडाच्या भांड्यांत उघड्यावर शिजवतात. नकार देताना धर्मशास्त्र सांगत बसू नये. ज्याचे जे सेरेतो त्याने त्या प्राण्याचे मांस खायचे नाही, हा संकेत तेथे सर्वांना माहीत आहे. 'आमच्या घरात गाईच्या बाबतीत तसेच आहे' म्हटले की विषय संपतो आणि कोणाचा अवमानही होत नाही. गुरांबद्दलची ओढ तर दोन्हीकडे सारखीच. 1976 मध्ये विद्यापीठ उभारण्यासाठी 'मोथो ले मोथो क्खोमो', म्हणजे माणशी एक गाय, अशी मोहीम काढून देशभरातून गुरे, धान्य आणि पैसे गोळा करण्यात आले होते. म्हणजे ज्या वर्गांत तुम्ही बसणार आहात ते अशा गोठ्यांतून उभे राहिले आहेत. शनिवार-रविवारी कुटुंब 'मोराका'वर, म्हणजे दूरच्या गुरांच्या तळावर घेऊन गेले तर आनंदाने जावे, पण 'तुमची गुरे किती?' असे विचारू नये. बँकेत किती पैसे आहेत, असे विचारण्यासारखे ते आहे.

महिन्यातून एखादा दिवस स्वयंपाक आपण करावा. तिखट निम्म्याने कमी घालावे आणि कुकर नेला असेल तर शिट्टी होणार, हे आधी जाहीर करावे. माझ्या पहिल्या शिट्टीला न्कुकु अंगणात पळाली होती. गॅस आणि वीज दोन्ही महाग असल्याने पुरणपोळीसारखे तासन्‌तास चालणारे पदार्थ टाळावेत. ठरलेल्या पैशांखेरीज रोख रक्कम हातात देऊ नये, त्याने नाते अवघडते. त्याऐवजी महिन्याच्या अखेरीस साखर, तेल, तांदूळ अशी पिशवी घेऊन यावी.

पाणी, वीज, रस्ता

गॅबोरोनच्या नळाचे पाणी पिण्यास योग्य असते, प्रश्न त्याच्या असण्याचा आहे. 2015 च्या दुष्काळात गॅबोरोन धरण जवळजवळ कोरडे पडले होते आणि शहराला शेकडो किलोमीटर उत्तरेहून जलवाहिनीने पाणी आणावे लागते. मराठवाड्यातल्या माणसाला यावर वेगळा उपदेश नको; बादलीत किंवा टबात अर्ध्या पाण्यात अंघोळ करावी आणि पाणी आले की भरून ठेवण्याच्या कामात पुढे व्हावे. पाऊस पडला तर छत्रीसाठी धावण्याऐवजी इतरांबरोबर बाहेर यावे. 'पुला!' ही तेथे सभेत, लग्नात, भाषणाच्या शेवटी द्यायची घोषणाही आहे. वीज बहुतेक घरांत आगाऊ पैसे भरून घेतलेली असते आणि मीटरवरचे युनिट संपले की अंधार होतो. इस्त्री किंवा हीटर लावण्यापूर्वी विचारावे आणि अधूनमधून युनिट आपण विकत घ्यावेत.

ये-जा 'कॉम्बी'ने होते. या मिनीबसना निळ्या पाट्या असतात, मार्गाचे नाव पुढच्या काचेवर असते आणि पैसे मागच्या प्रवाशांकडून हातोहात पुढे जातात. आत शिरताना सर्वांना 'दुमेलांग' म्हणणे शिष्टाचाराचे आहे. अंधार पडल्यावर कॉम्बी कमी होतात आणि फोन हातात धरून एकटे चालणे धोक्याचे असते, त्यामुळे ग्रंथालयात उशीर होणार असल्यास घरी आधी कळवावे; न कळवता उशिरा येणे हा बहुतेक घरांत भांडणाचा पहिला विषय ठरतो. पोलिसांसाठी 999 आणि रुग्णवाहिकेसाठी 997 हे क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत. भारताची वेळ साडेतीन तासांनी पुढे आहे. रात्रीच्या जेवणानंतर घरी फोन करू म्हटले तर तिकडे अकरा वाजलेले असतात, म्हणून आईवडिलांशी बोलण्याची वेळ दुपारची ठेवावी आणि संध्याकाळ यजमानांच्या दिवाणखान्यात, दूरदर्शनसमोर का होईना, घालवावी.

शनिवार आणि रविवार

त्स्वाना समाज जवळून पाहायचा तर तो अंत्यविधीत दिसतो. आठवडाभर रोज संध्याकाळी मृताच्या घरी प्रार्थना होतात आणि दफन बहुधा शनिवारी, पहाटेच्या सुमारास. कुटुंबाने बोलावले तर जावे. मुलींनी गुडघ्याखाली येणारा घागरा, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर शाल घ्यावी; मुलांनी जॅकेट घालावे. दफनभूमीवरून परतल्यावर फाटकाशी ठेवलेल्या पाण्याने हात धुऊनच आत जातात. मग सर्वांना जेवण असते आणि भांडी घासायला खूप हात लागतात, ते तुमचेही असावेत. छायाचित्रे काढू नयेत. मृत्यूचे कारण विचारू नये. एचआयव्हीने या देशाची एक पिढी होरपळली. 2002 पासून सरकारने मोफत औषधे देणे सुरू केल्यावर चित्र पालटले, परंतु जवळजवळ प्रत्येक घरात एखादे छायाचित्र भिंतीवर असते ज्याबद्दल कोणी आपण होऊन बोलत नाही. तेथे आपणही गप्प राहावे.

रविवार चर्चचा. एकदा तरी बरोबर जावे. प्रार्थना तीन-तीन तास चालते, पण गाणे ऐकण्यासारखे असते. दर रविवारी जाणे बंधनकारक नाही आणि आपला धर्म सांगायला संकोचण्याचेही कारण नाही, मात्र धर्मांतराच्या गप्पा कोणी सुरू केल्या तर वाद न घालता चहाचा विषय काढावा. 'खोत्ला' म्हणजे गावच्या प्रमुखाच्या उपस्थितीत भरणारी सभा. तेथे मुलींना पँट चालत नाही आणि पुरुषांनी टोपी काढायची असते.

काही बिघडले तर

बिघडते. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत घरातला भाचा न विचारता येऊन लॅपटॉप वापरत असे, आणि त्याने एके रात्री सर्वांसमोर त्या मुलाला खडसावले. त्याचे म्हणणे रास्त होते. पण दुसऱ्या दिवसापासून त्या घरात त्याच्याशी सौजन्याने आणि केवळ सौजन्याने बोलले जाऊ लागले. मोठ्या आवाजात, चारचौघांत केलेली तक्रार तेथे क्वचितच मिटते. घरातल्या आईला एकटीला गाठून, बसून, आधी प्रकृतीची विचारपूस करून मग सांगावे. तिच्याविषयीच तक्रार असेल तर मालोमे किंवा एखाद्या मोठ्या बहिणीमार्फत, आणि तेही जमले नाही तर विद्यापीठातल्या समन्वयकामार्फत बोलावे. पैशांची फसवणूक, उपासमार, असभ्य स्पर्श किंवा मद्याच्या नशेतला त्रास असेल तर मात्र ही सारी पायरी-पायरीची रीत बाजूला ठेवून त्याच दिवशी समन्वयकाला कळवावे आणि घर बदलून मागावे. संस्कृतीचा आदर म्हणून असे काही सोसायचे नसते.

कोणी काही मागितले तर बिचकू नये. 'के कोपा', म्हणजे 'मी विनंती करतो', या शब्दांनी तुमचा पेन, जॅकेट, फोनचे पैसे, काहीही मागितले जाऊ शकते. मागण्यात तेथे कमीपणा नाही आणि हसून 'नाही' म्हणण्यातही नाही. तुम्हीही मागू शकता.

निघताना

जाण्याची तारीख एक महिना आधी सांगावी आणि शेवटचा रविवार मोकळा ठेवावा, कारण त्या दिवशी बहुधा भात, कोंबडी, बीट, भोपळा, कोबीचे सलाड असे रंगीबेरंगी मोठे जेवण केले जाते आणि नातेवाईक येतात. पांघरुणे धुऊन, घडी घालून ठेवावीत. उरलेल्या वस्तू परस्पर वाटून टाकू नयेत. कोणाला काय द्यायचे ते घरातल्या आईला ठरवू द्यावे, नाहीतर मागे भांडणे राहतात. किल्ली दोन्ही हातांनी द्यावी.

निरोपाचे शब्द दोन आहेत आणि ते उलटसुलट होऊ देऊ नयेत. जाणाऱ्याला राहणारा म्हणतो 'त्सामाया सेंत्ले', नीट जा. राहणाऱ्याला जाणारा म्हणतो 'साला सेंत्ले', नीट राहा. मराठी कानांना दुसरा शब्द शिवीसारखा लागतो आणि पहिले काही दिवस वडीलधाऱ्यांना तो म्हणताना जीभ अडखळते. त्यामुळे आपली मुले रोज सकाळी विद्यापीठाला निघताना स्वतःच 'त्सामाया सेंत्ले' म्हणून बाहेर पडतात आणि घरभर हशा पिकतो. विमानतळावर निघायच्या दिवशी मी तो बरोबर म्हटला, तेव्हा न्कुकुने तो माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतला.